पेन जावक

ग्वाल्हेरात माणूस निवृत्त होतो, त्याच्यातला बाबू होत नाही. ह्याचं मूळ 1956 सालात आहे. तोवर मध्य भारत नावाचं राज्य होतं, हिवाळ्यात त्याची राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. एक नोव्हेंबरला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि रुसलेल्यांची समजूत काढायची वेळ आली. जबलपूरला हायकोर्ट मिळालं. इंदूरला लोकसेवा आयोग मिळाला, पोहे त्यांच्याकडे आधीपासून होते. आमच्या पदरात कचेऱ्या पडल्या. महालेखाकार, आबकारी, परिवहन, भू-अभिलेख, राजस्व मंडळ, सगळ्यांची मुख्यालयं इथे आली. राजधानी गेली, फायली राहिल्या.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांनी ह्याबद्दल फार अश्रू ढाळल्याचं ऐकिवात नाही. काल शिंदे सरकारचं दफ्तर होतं, आज शासनाचं. दाना ओलीत, नया बाजारात, चिटणीस की गोठमध्ये एका घरात एजी ऑफिस आणि शेजारच्या घरात आबकारी. मुलाच्या पत्रिकेत मंगळ असला तरी चालायचं, नोकरी पक्की हवी. 2018 साली सरकारने निवृत्तीचं वय साठावरून बासष्ट केलं तेव्हा नवऱ्यांपेक्षा बायकांना जास्त आनंद झाला होता. दोन वर्षं का होईना, बला टळली.

पण बासष्टीनंतर काय? माणूस सकाळी दहाला डबा घेऊन कुठेतरी गेलाच पाहिजे, नाहीतर तो स्वयंपाकघरात येऊन डाळीच्या डब्यांना क्रमांक देतो. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी ह्यावर उपाय शोधला. त्यांनी आपले यजमान आमच्या हॉस्पिटलला दिले.

हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. ग्वाल्हेरकर तसा आजारीही राजघराण्याच्या छत्राखाली पडत आला आहे. मेडिकल कॉलेज 1946 सालचं, ते गजराराजांच्या नावाचं. मोठा दवाखाना जयारोग्य. आणि गल्लीतली निम्मी माणसं कमलाराजात जन्मलेली. आमचं हॉस्पिटल ह्यांतलं कुठलंच नाही. ते खाजगी आहे, त्याला लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे, एवढी ओळख पुरे. मी तिथे विम्याच्या खिडकीवर बसते. ज्यांना आम्ही नाना म्हणतो ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांचंही खरं नाव सांगत नाही. हा लेख ते वाचणारच, आणि नाव सापडलं तर त्यावर नोटशीट चालवणार.

त्यांना घेतलं तेव्हा मॅनेजरसाहेबांचा हिशेब सरळ होता. आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 मध्ये आली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचा इलाज फुकट. गरिबाच्या दृष्टीने हा पैसा, आमच्या दृष्टीने हा कागद. कार्ड, आधार, समग्र आयडी, भरतीपूर्व मंजुरी, बेडवरचा फोटो, ऑपरेशननंतरचा फोटो, घरी जातानाचा फोटो. लग्नात निघाले नसतील इतके फोटो माणसाचे हर्नियात निघतात. त्यात खाजगी विमेवाल्यांची भर. एवढा कागद समजायला आयुष्य कागदात गेलेला माणूस हवा, असं मॅनेजरसाहेबांना वाटलं. ते पुण्याहून एमबीए करून आलेले आहेत. आयुष्य कागदात गेलेला माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता.

आता कोणी म्हणेल, कामचुकार असतील. तसं असतं तर मी सुखी असते. कामचुकार माणसाबरोबर संसार करता येतो. त्याचं काम आपण करावं, त्याने आपल्याला समोसा आणावा. नाना पावणेदहाला हजर असतात आणि सगळे गेल्यावर दिवे मालवून जातात. कोणी म्हणेल, उद्धट असतील. छे! त्यांचा एक पूर्वज कुठल्याशा सरदाराच्या पदरी होता, त्यामुळे ते भांडतातसुद्धा 'आपण' म्हणून. मी दहा वाजून चार मिनिटांनी पोचले की ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "आपण आलात, वहिनीसाहेब? वा! मी म्हटलं आज रजा असेल." 'तू उशिरा आलीस' असं म्हणणाऱ्याला उत्तर देता येतं. ह्यावर काय बोलणार?

आणि तरीही नानांच्या शेजारी बसणं म्हणजे काय, ते एकदा फाइल लावताना बघावं. पंचिंग मशीन त्यांना चालत नाही, ते कागदाची कड कुरतडतं म्हणे. स्टेपलर तर नाहीच. त्यांच्या खणात एक लाकडी मुठीचं दाभण आहे, सरकारी नोकरीतून बरोबर आणलेलं. (ते सरकारजमा का केलं नाही, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.) नाना आधी कागद जुळवतात, टेबलावर उभे धरून तीनदा आपटतात, मग आडवे धरून तीनदा. मग वरच्या कोपऱ्यात अंगठ्याने अंतर मोजतात. मग दाभण, मग टॅग, मग टॅगला गाठ, मग गाठ नीट बसली का ते बघायला ती सोडून पुन्हा गाठ. तोवर खिडकीबाहेर मुरैन्याहून आलेले नातेवाईक पेशंटला घरी न्यायच्या आशेवर उभे असतात, गाडीवाला खाली हॉर्न वाजवत असतो आणि पेशंट स्वतः कपडे बदलून, चपला घालून पलंगावर बसलेला असतो.

विमा नियामकाने 2024 मध्ये नियम केला की डिस्चार्जचा कागद आल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यावी. नियम वाचून नाना खूश झाले. "म्हणजे कंपनीवर बंधन आहे, आपल्यावर नाही," ते म्हणाले. शब्दाला शब्द लावला तर हेही बरोबरच होतं.

खरं दुखणं इथे आहे. नाना बरोबर असतात. चुकणाऱ्या सहकाऱ्याचं सगळं सोपं असतं. साहेबाकडे तक्रार करता येते, चहाच्या टपरीवर नक्कल करता येते, घरी येऊन नवऱ्याला सांगता येतं. नानांची तक्रार घेऊन मी साहेबांकडे गेले की साहेब संगणकात बघतात आणि म्हणतात, "मैडम, पर इनकी फाइल तो कभी रिजेक्ट नहीं होती." नाही होत, खरं आहे. विमा कंपनी क्वेरी पाठवते, 'रुग्णास भरती करण्याची आवश्यकता काय होती?' आम्ही बाकीचे घाबरून डॉक्टरांच्या मागे धावतो. नाना क्वेरीवर क्वेरी पाठवतात. 'आपला प्रश्न प्राप्त झाला. प्रश्नात 'आवश्यकता' हा शब्द वैद्यकीय अर्थाने वापरला आहे की आर्थिक, हे स्पष्ट करावे, म्हणजे उत्तर देणे सोयीचे होईल.' एकदा नोएड्याहून कंपनीच्या मुलीचा फोन आला. तिने आधी हळूच विचारलं, "वो नानाजी सीट पर हैं क्या?" मी हो म्हटलं. "फिर रहने दीजिए, अप्रूव कर रही हूँ."

कुसुमबाईंचं प्रकरण अजून अंगावर येतं. आधारवर 'कुसुमबाई' जोडून, आयुष्मान कार्डावर 'कुसुम बाई' तोडून. पोर्टलने दोन्ही एकच मानलं. पोर्टल दिल्लीचं, त्याला काय फरक पडतो? नानांनी मानलं नाही. त्यांनी मुलाकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की जोडलेल्या कुसुमबाई आणि तोडलेल्या कुसुम बाई ही एकच व्यक्ती असून ती माझी आई आहे. मुलगा बिचारा लिहिताना रडवेला झाला, त्याला वाटलं आईचं काही बरंवाईट झालं. तीन महिन्यांनी तपासणीला पथक आलं आणि त्यांनी नेमकी तीच फाइल काढली. तो कागद बघून पथकातला माणूस खुर्चीवरून उठून नानांना भेटायला आला.

आमच्या भागात हे काम करायला छातीही लागते. चंबळ बाजूला आहे. भिंड-मुरैन्याकडचा पाहुणा पेशंटबरोबर येतो तेव्हा जेवणाचा डबा विसरेल, दुनाली विसरत नाही. इथे प्रकृती आणि बंदूक ह्यांचं नातं जुनं आहे. 2008 मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली होती. पुरुषार्थाची फिट्टंफाट, दुसरं काय. तर असेच एक गृहस्थ खिडकीशी आले. बंदूक खाली गार्डने ठेवून घेतली होती, काडतुसांचा पट्टा मात्र खांद्यावर तसाच. त्यांना फाइल लगेच हवी होती. नाना टॅगला दुसऱ्यांदा गाठ मारत होते. गृहस्थांनी खिडकीच्या काचेवर हात आपटला. "जानते हो हम कौन हैं?"

मी टेबलाखाली जायच्या तयारीत होते. नानांनी मान वर केली. "वही तो पूछ रहे हैं, श्रीमान. कोई प्रमाण हो तो दीजिए. मूल प्रति साथ में."

गृहस्थांनी खिशातून आधार काढलं. नानांनी ते उलटसुलट बघून परत दिलं आणि छायाप्रतीवर सही मागितली. हे सगळं 'श्रीमान' आणि 'कृपया' लावून.

ऑफिस सुटलं की नाना सुटतात अशी सोय असती तर गोष्ट वेगळी होती. आम्ही दोघेही दाना ओलीतले. गल्ली अशी की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी पायरीवर चढावं, आणि ती पायरी बहुतेक वेळा नानांची असते. रविवारी सकाळी मी केस धुऊन, भाजीची पिशवी घेऊन निघाले की वरून आवाज येतो, "वहिनीसाहेब, ते पित्ताशय काल गेलं का?" पेशंटचं नाव बाहेर घ्यायचं नाही हा नियम, आणि नाना नियम मोडत नाहीत. मग गल्ली आपल्या बुद्धीने शोध लावते. संध्याकाळपर्यंत तीन घरं मला येऊन सांगतात की पित्ताशय म्हणजे सराफ्यातले अमुक शेठ. कधी चुकलेले नाहीत.

घरी तर माझं कोणी ऐकूनही घेत नाही. सासूबाईंची फॅमिली पेन्शन आहे आणि तिला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो. हा दाखला नाना काढून देतात. सासूबाईंच्या बोटांचे ठसे पोळ्या लाटून झिजलेले, यंत्र ते ओळखत नाही. नाना त्यांना बँकेत घेऊन जातात, खुर्ची मागवतात, आणि मॅनेजरला नियम दाखवून दुसऱ्या मार्गाने काम करवून घेतात. त्यामुळे सासूबाई जिवंत आहेत हे सरकारदरबारी केवळ नानांमुळे. अशा माणसाविरुद्ध त्यांच्या देखत बोलायची माझी काय बिशाद? आमचे हे म्हणतात, "तू ॲडजस्ट कर." ह्यांच्या ऑफिसात ॲडजस्ट करायला कोणीच नाही, कारण ह्यांच्या ऑफिसातले नाना हेच आहेत, असा माझा दाट संशय आहे.

तसं शिंद्यांच्या शहरात राहून सहकाऱ्याची कुरकुर करणं शोभत नाही. आपल्या इतिहासातली सगळ्यात नावाजलेली ऑफिसची भांडणं शिंद्यांच्याच घरची. महादजी शिंदे आणि नाना फडणवीस एकाच पेशव्याचे चाकर. एक दिल्लीकडे फौज घेऊन, दुसरा पुण्यात वह्या घेऊन. महादजींनी 1784 मध्ये बादशहाकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुत्लकी मिळवली आणि तिचे मानसन्मान घेऊन ते 1792 मध्ये पुण्याला आले. एवढा पराक्रम केला, तर हेड ऑफिसने निदान हार घालावा. फडणवीसांनी आधी समारंभालाच हरकत घेतली, आणि मग उत्तरेकडच्या वसुलीचा हिशेब मागितला. महादजी म्हणाले, हिशेब बघाल तर सरकारकडेच माझं येणं निघेल. 1794 मध्ये महादजी वानवडीला वारले, तरी त्या दोघांचं मन मोकळं झालं होतं असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. आमच्या नानांना हे सगळं तोंडपाठ आहे. मौज अशी की नाव नाना असून ते स्वतःला महादजी समजतात. त्यांच्या हिशेबी फडणवीस मी.

मध्यंतरी मॅनेजरसाहेबांनी 'अवघड व्यक्तींबरोबर काम' ह्या विषयावर शिबिर ठेवलं. दिल्लीहून एक बाई आल्या. त्यांनी सांगितलं, समोरच्यावर आरोप करू नका, आपली भावना सांगा. 'तुम्ही असं करता' म्हणण्याऐवजी 'तुम्ही असं केलंत की मला असं वाटतं' असं म्हणा. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. नानांनी तर समासात 'पहावे' असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी नानांनी माझी फाइल परत केल्यावर मी संधी साधली. "नाना, तुम्ही माझी फाइल अशी परत केलीत की मला दुखल्यासारखं वाटतं."

नाना दचकले. खरोखर काळजीने म्हणाले, "कुठे दुखतं? ओपीडीत दाखवून घ्या. स्टाफला निम्मी फी आहे." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून, "फॉर्म मी भरून देतो."

ह्या सगळ्यात मी पेनाच्या रजिस्टराचा उल्लेख टाळत आले, पण आता इलाज नाही. हॉस्पिटलात पेन टिकत नाही. डॉक्टर खिडकीशी येतात, 'एक मिनट' म्हणून पेन उचलतात, सही करतात आणि पेन त्यांच्या खिशात निघून जातं. जगातले सगळे डॉक्टर असेच असणार. आम्ही हे पाऊस-पाण्यासारखं सोसत होतो. नानांनी आवक-जावक रजिस्टर सुरू केलं. लांब, कापडी पुठ्ठ्याचं, त्यावर सुवाच्य अक्षरात 'पेन जावक'. आत रकाने होते. दिनांक, वेळ, पेनाचे वर्णन, घेणाराचे नाव व पद, प्रयोजन, परत आल्याची वेळ, परत आले तेव्हाची स्थिती, शेरा. पहिल्याच पानावर एका नामवंत हृदयरोगतज्ज्ञांच्या नावापुढे शेरा होता, 'टोपण चावलेले.' आम्ही महिनाभर हसलो. वॉर्डबॉय एकमेकांना 'जावक' म्हणून हाक मारायचे.

मग मानांकनाची तपासणी आली. एनएबीएचचे तपासनीस दोन दिवस ठाण मांडून होते, आणि सगळं हॉस्पिटल नव्या नवरीसारखं सजलेलं. साहेबांनी आदल्या दिवशी नानांना सांगितलं होतं की ते पेनाचं रजिस्टर खणात ठेवा. नानांनी ते खणात ठेवलं, आणि खणातल्या वस्तूंच्या यादीत त्याची नोंद केली. तपासनीसांनी यादी वाचली. "यह पेन जावक क्या है?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. नानांनी रजिस्टर काढून, धूळ नसताना पुसून, त्यांच्यापुढे उघडलं. तपासनीस पानं उलटत राहिले. मग त्यांनी सोबतच्या बाईंना बोलावलं. दोघांनी मिळून हृदयरोगतज्ज्ञांचा शेरा वाचला. साध्या पेनाची ही नोंद आहे तर औषधांची काय असेल, असं ते म्हणाले, आणि साहेबांच्या परवानगीने पानाचा फोटो काढून घेऊन गेले.

आठवड्याभरात परिपत्रक निघालं. पेन जावक सगळ्या विभागांना लागू. फॉर्मला इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळाले, खाली 'पुनरावृत्ती 00' असं छापलं. नानांनी आपल्याच फॉर्मवर क्वेरी काढली, शून्यावी आवृत्ती म्हणजे काय? पहिली तरी म्हणा. ती क्वेरी अजून साहेबांच्या टेबलावर आहे. हॉस्पिटलातली सगळी पेनं आता नानांकडून निघतात, आणि डॉक्टर, जे सहीसाठी तीन-तीनदा फोन करून खाली येत नसत, ते रोज सकाळी आमच्या खिडकीशी येतात. नाना हसून पेन पुढे करतात, आणि पेनाखाली त्या डॉक्टरांच्या अडलेल्या डिस्चार्ज फायली. "आपण आलाच आहात, तर." बोलतात मराठीत, पण भिंडच्या डॉक्टरलासुद्धा बरोबर समजतं.

डिस्चार्ज आता वेळेत होतात. मी साडेपाचला घरी पोचते. नानांविरुद्ध माझी जी एक वही होती तिच्यात ह्या महिन्यात काही लिहिलेलं नाही, आणि त्यामुळे मला जरा बेकार झाल्यासारखं वाटतं आहे.

परवा मेंदूचे सर्जन पेन परत करायला आले. मोठा माणूस, भोपाळहूनही लोक त्यांच्याकडे येतात. नानांनी पेन उजेडात धरलं, फिरवून बघितलं, आणि रजिस्टरात शेरा लिहिला. सर्जनांनी वाकून वाचला.

"नानाजी, मैंने नहीं चबाया. ऐसा ही मिला था."

"लिखकर दे दीजिए, डॉक्टर साहब. आपत्ति दर्ज कर लेंगे."

सर्जनांनी कागद ओढला, खिसे चाचपले, एक, दुसरा, ॲप्रनचा तिसरा. मग हात पुढे केला. नानांनी पेन दिलं नाही. रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं, नव्या ओळीवर बोट ठेवलं, आणि प्रयोजनाच्या रकान्यात काय लिहायचं ते सांगू लागले.